पंप तिच्या सायकलला होता

दोन दिवस, तीनशे किलोमीटर, आणि जवळजवळ सगळा रस्ता खडीचा. माझ्या मुलीच्या मते ही सायकल शर्यत म्हणजे शुद्ध वेडेपणा. पूर्वीही तिला तसंच वाटायचं, पण तेव्हा आम्ही नवराबायको दोघंही वेडे होतो, म्हणून ती हसून सोडून द्यायची.

बायको गेल्याला आता वर्ष होत आलं. मुलीनं तिच्या घरात माझ्यासाठी खोली रिकामी केली, पडदे लावले, टेबलावर दिवा आणून ठेवला. दर आठवड्याला विचारायची, कधी येताय? मी म्हणायचो, बघू. शेवटी वैतागली.

"बाबा, तुम्ही ओट्यापाशी उभ्या उभ्या पातेल्यातून जेवता. मी पाहिलंय."

"भांडी कमी घासावी लागतात. माझं मला जमतं."

"काय जमतं?"

"शर्यत एकट्यानं वेळेत पुरी करून दाखवतो. मग तर झालं?"

ती म्हणाली, "केलीत तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही. नाही केलीत तर घर बंद करायचं आणि माझ्याकडे यायचं."

"कबूल."

जावई पेपरातून डोकं वर काढून म्हणाला, "हिच्याशी पैज कसली लावता? ही तिच्या आईवर गेलीये."

पहिला दिवस बरा गेला. मुक्काम एका शाळेच्या हॉलमध्ये होता. सगळ्यांनी चटया पसरल्या. मीही पसरली, भिंतीपासून थोडी लांब. एकानं येऊन विचारलं, "काका, भिंतीकडे कुणी आहे का?" तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी एक जागा सोडून बसलो होतो. "नाही, या," म्हणालो. तो पडला आणि लगेच घोरायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका उतारावर मागचं टायर बसलं. त्याचं मला काही वाटलं नाही. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस मी, पंक्चरला काय घाबरायचं? सायकल उलटी केली, चाक काढलं, आत घुसलेला दगडाचा कपचा बोटानं शोधून काढला, नवी ट्यूब बसवली. मग सवयीनं हात पुढे केला.

हात पुढे करून मी तसाच उभा राहिलो. पंप तिच्या सायकलला असायचा. आमची वाटणीच तशी होती. ट्यूबा, पाने, चेनचं सामान माझ्याकडे. पंप, खाणं आणि लोकांशी बोलणं तिच्याकडे. या वेळी खाणं मी आठवणीनं घेतलं होतं. निघण्याआधी घरी पायपंपानं हवा भरली होती, त्यामुळे दुसऱ्या पंपाचा विचारच डोक्यात आला नाही. तिचा पंप घरीच होता, बोळात खुंटीला टांगलेल्या तिच्या सायकलच्या दांडीला.

दोन पोरं भरधाव गेली. एकानं जाता जाता विचारलं, "ठीक ना?" मी हात हलवला, म्हणजे ठीक. तो दिसेनासा झाल्यावर स्वतःचाच राग आला. तोंडानं दोन शब्द बोलायला काय जात होतं? पण मला ते जमत नाही. रस्ता विचारायचा, पाणी मागायचं, दुकानदाराशी घासाघीस करायची, सगळं तीच करायची. मी मागे सायकल धरून उभा असायचो.

मग चालायला लागलो. बसलेलं चाक खडीवर फटफटत होतं. फोनला रेंज नव्हती, आणि असती तरी बाहेरून मदत घ्यायची नाही असा शर्यतीचा नियम होता. शर्यतीतल्याच कुणाची मदत चालत होती. दोन्ही बाजूंना नुसतं वाळलेलं गवत. सहाच्या आत पोहोचायचं होतं आणि मी पायी निघालो होतो. त्या खोलीतले पडदे डोळ्यांसमोर यायला लागले.

मागून आवाज आला. "काय काका, सायकलला फिरायला आणलंय का?"

काल हॉलमध्ये पाहिलेली बाई होती, बस चालवणारी. काल सगळ्यांना सांगत होती, आठवडाभर पन्नास माणसं घेऊन फिरते, म्हणून सुट्टीत एकटी फिरते.

"पंक्चर झालंय," मी म्हणालो.

"ट्यूब नाही?"

"आहे. बसवली. अजून दोन आहेत."

"मग?"

"पंप नाही."

ती उतरली आणि माझ्याकडे बघत राहिली. "तीन ट्यूबा घेतल्या आणि पंप नाही घेतला. तोंडानं फुंकणार होतात?"

"पंप बायकोकडे असतो."

"मग ती कुठे राहिली मागे?"

"नाही राहिली," एवढंच म्हणालो.

तिला कळलं. तिनं पंप काढून माझ्या हातात दिला आणि मी हवा भरेपर्यंत पाठ करून पाणी पीत राहिली. मग म्हणाली, "पंप माझ्याबरोबर जाणार. तुम्हाला पुन्हा लागला तर? मागे मागे या."

मी तिच्या मागे लागलो. कुणाच्या तरी मागच्या चाकाकडे बघत पाय मारायची मला किती सवय होती, ते तेव्हा कळलं. पण आमची ही पुढे खड्डा दिसला की डावा हात खाली सोडून बोटं हलवायची. बस चालवणारी तसं काही करत नव्हती, का करावं तिनं? तीन खड्ड्यांत आपटलो. चौथ्याला ओरडून सांगितलं, "तुम्ही व्हा पुढे."

"नक्की?"

"नक्की. माझा मला रस्ता बघायला लागेल."

ती गेली. पुढचे सगळे तास मी एकट्यानं काढले, रस्त्यावरचा दगड न् दगड बघत. आता हवा गेली तर पैज गेली, एवढंच डोक्यात. हँडल इतकं घट्ट धरलं होतं, की दुपारनंतर करंगळी आणि शेजारचं बोट आहे की नाही कळेना. पाणी प्यायला बाटली काढताना दोनदा हातातून पडली.

सहाला अकरा मिनिटं कमी असताना पोहोचलो. मुलगी कमानीपाशी उभी होती. तिनं घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"जिंकलात," ती म्हणाली. हसली, पण चेहरा उतरला होता.

गाडीत ती खोलीबद्दल अवाक्षर बोलली नाही. शब्दाची पक्की. माझ्या दारात सायकल उतरवून दिली आणि विचारलं, "थांबू का?"

"नको. पोरं वाट बघत असतील. जा तू."

गाडी वळली. मी खिशातून किल्ली काढली, कुलपात घातली. फिरेना. कुलूप नेहमीचंच होतं, माझ्या बोटांतच जोर नव्हता. चिमटीत धरायचो आणि किल्ली निसटायची. डाव्या हातानं फिरवून पाहिलं. तळव्यांत धरून पाहिलं. आत नळ टपटपत होता, दाराबाहेर ऐकू येत होता. काल निघताना नीट बंद केला नसणार. आणि तो बंद करायला आत कुणी नव्हतं.

फोन वाजला. "बाबा, शिरलात ना घरात?"

"शिरलो," मी म्हणालो. फोन ठेवला आणि पायरीवर बसलो. हात मांडीवर ठेवून बोटं उघडमीट करत राहिलो. उशिरानं का होईना, हातात जोर येईल, दार उघडेल, हे मला कळत होतं. मग आत जायचं. उद्याही. परवाही. एवढी खडी तुडवून मी हेच मिळवलं होतं.

अंगठ्यानं कसंबसं फोनवर मुलीचं नाव दाबलं.

"अगं, किल्ली फिरत नाहीये. बोटं बधिर झालीत."

"आत्ता तर म्हणालात शिरलो."

"म्हणालो."

"कुठे बसलाय?"

"पायरीवर. येतेस का परत?"

"येते." गाडीचा इंडिकेटर वाजायला लागलेला ऐकू आला.

"पैज मात्र मी जिंकलोय," मी म्हणालो.

"हो बाबा, जिंकलात. बसा तिथेच. आलेच मी."