सासू जिवंत आहे का?

अमेरिकेच्या दारातल्या या बेटावर चीनहून आलेल्या खऱ्या बायकोलाही आपण खरी असल्याचं सिद्ध करावं लागतं. नवरा-बायकोला वेगवेगळं बसवून गोरे साहेब तेच प्रश्न विचारतात. उत्तरं जुळली नाहीत की परत चीनची बोट. मागच्या आठवड्यात आचोय गेली. ती म्हणाली तळं घरापुढे, नवरा म्हणाला मागे. मेल्याला इतक्या वर्षांत स्वतःचं घर आठवेना! तिच्या खाटेवर आता कुणी झोपत नाही.

माझं अपील कधीचं लटकलेलं, म्हणून मी इथलं जुनं खोड. नव्या पोरी मला मावशी म्हणतात. शेजारच्या खाटेवर युक्सिम होती. तिचा नवरा विंगफाय समोरच सॅन फ्रान्सिस्कोत कपडे धुण्याचं दुकान चालवायचा. चौकशी संपेपर्यंत भेट बंद.

चौकशीच्या सकाळी तिने भाताला हात लावला नाही.

"मावशी, सासूबाई हिवाळ्यातच गेल्या. ह्यांना कळवलंच नाही आम्ही. दीर म्हणाले, परदेशात एकटा रडेल, पाठीवर हात फिरवायलाही कुणी नाही."

आमच्या गावांत सगळे असंच करतात. तरी मी म्हटलं, "मग आता खरं सांगून टाक. मेलेल्याला जिवंत करणारी तू कोण?"

"मी 'गेल्या' म्हणाले आणि हे 'आहेत' म्हणाले तर? मला परत धाडतील. आणि आई गेल्याचं ह्यांना त्या साहेबाच्या तोंडून कळेल."

सासूच्या सुतकाची पांढरी लोकर तिने केसांतून सोडवली आणि बुटात दडवली. मला ते अजिबात आवडलं नाही.

दुपारी ती परत आली.

"विचारलंच त्यांनी. म्हटलं, ठणठणीत आहेत. मला निरोप देताना रडल्यासुद्धा!"

"एवढा मीठमसाला कशाला गं?"

"आता तोंडातून निघून गेलं," म्हणत ती हसली. इथे आल्यापासून पहिल्यांदाच.

तेवढ्यात धक्क्यावर बोटीचा भोंगा वाजला. साक्षीला बोलावलेले पुरुष उतरू लागले. युक्सिम खिडकीच्या गजांना चिकटली.

"ते बघा, आमचे हे! टोपी घातलेले! केस किती पिकले हो." मग तिने बोट दाखवलं. "मावशी, त्यांच्या दंडाला काय आहे?"

मला दिसलं होतं. काळी पट्टी. आई-बाप गेले की शहरातले आमचे पुरुष लावतात तीच. कुणा गाववाल्याने सांगितलंच होतं तर.

"आई जिवंत म्हणा!" ती गज हलवत ओरडली. "अहो, जिवंत म्हणा!"

वारा समुद्राकडून आमच्याच तोंडावर येत होता. मीही ओरडले, सगळ्या बायका ओरडल्या. खाली फक्त कालवा ऐकू गेला असेल. विंगफायने वर पाहिलं. बायकोचं रडवेलं तोंड त्याला दिसलं. त्याने टोपी काढली, पट्टीवर हात ठेवला आणि हळूच मान हलवली. मला कळलंय, रडू नकोस, असं तो तिला सांगत होता.

मग पहारेकऱ्याने चौकशीच्या खोलीचं दार उघडलं आणि तो आत गेला.