विहिणीसमोरचा पाट

अकरा वर्षं झाली, माझ्या पायांना सोरायसिस हाय. टाचा फुटतात, तळव्यांची सालं निघतात. तो माझ्यापासून कोणाला होत नाय, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. ऐकतंय कोण? मळ्यातला पालक मीच हौदात उभी राहून धुते. आख्खं नाशिक तो खातं, तेव्हा कोणाला माझे पाय आठवत नायत.

यंदा बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली. म्हणलं, आपलंच जुनं दुखणं असंल, आणि सोरायसिसची जुनीच ट्यूब चोपडत राहिले. चार दिवस बरं वाटायचं, मग दुप्पट. बघता बघता पावलांवर गोल चट्टे उठले, वास यायला लागला.

त्यात माझ्या पोराचं, ललितचं लग्न दोन महिन्यांवर. लग्नात नवरीची आई नवरदेवाच्या आईला पाटावर बसवून तिचे पाय धुते. माझी थोरली जाऊ तानुबाई मला म्हणाली, "कला, त्या पाटावर मी बसते. विहिणीला लागण झाली तर? चारचौघांत शोभा नको."

पोरगं मी वाढवलं आणि मानाला ह्या! तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्याच दिवशी कातडीच्या डॉक्टरीणबाई गाठल्या. त्यांनी साल खरवडून भिंगाखाली बघितली. "सोरायसिस आहेच, पण त्यावर बुरशी बसलीय. त्या ट्यूबनं ती पोसली गेली. आणि बुरशी मात्र दुसऱ्याला होऊ शकते."

म्हणजे जाऊबाई निम्म्या खऱ्या होत्या. लाज वाटली, पण पाट सोडायचा नाय हे ठरलं. टॉवेल वेगळा, चप्पल वेगळी, हौदात उतरणं बंद. बेचकी कोरडी करून औषध लावायचं, एक दिवस चुकवलं नाय. लग्नाच्या आठवड्यात परत साल तपासली. बुरशी गेली होती. सोरायसिस होता तिथंच.

मांडवात पाट मांडला, तर तानुबाई आधीच बसलेल्या.

"जाऊबाई, उठा," मी म्हणलं. "बुरशी गेली, डॉक्टरचा कागद हाय. उरलं ते माझ्यापुरतं हाय. इथं मीच बसणार."

बायका कुजबुजल्या. कुजबुजू देत. तानुबाई उठल्या, मी बसले आणि साडी घोट्यांवर घेऊन दोन्ही पाय परातीत ठेवले.

विहीणबाई तांब्या धरून बघतच राहिल्या.

"मन होत नसंल तर धुऊ नका," मी म्हणलं. "पण माझ्या जागी दुसरं कोणी बसणार नाय."

त्यांनी तांब्या खाली ठेवला. टाचेच्या भेगेजवळ अलगद हात लावला. "दुखत असंल ना हो?"

आजवर जो तो आपल्याला होईल का एवढंच विचारत आला. मला रडू फुटलं, भर मांडवात.

"लय दुखतं," मी म्हणलं.

विहीणबाईंनी मान वर केली. "तानुबाई, जरा कोमट पाणी आणता का? गार पाण्यानं झोंबंल यांना."

तानुबाई पाणी आणायला गेल्या.