दोराचं दुसरं टोक

वरून आदेश आला की प्रत्येक अग्निशमन केंद्रात एक 'सोबती' नेमायचा. कामाचा ताण ज्याला सोसेना त्याने सोबत्याकडे जाऊन बोलायचं. सोबत्याने फक्त ऐकायचं, सल्ला द्यायचा नाही. आमच्या केंद्रात मला एकमताने नेमलं, कारण त्या दिवशी मी रजेवर होते. शिवाय साहेब म्हणाले, बायकांना ऐकून घ्यायची सवय असते. हे मी घरी सांगितलं तेव्हा माझा नवरा हसून हसून खाली बसला.

प्रशिक्षणाला मऊ आवाजाच्या एक बाई होत्या. त्या म्हणाल्या, खोली अशी हवी की आत शिरताच माणूस सैल झाला पाहिजे. गुबगुबीत खुर्च्या, पडदे, जमल्यास एखादी सुगंधी मेणबत्ती. मी भोळेपणाने सगळं सामान घेऊन आले आणि तिथेच घोडं अडलं.

आमच्या माणसांना कुठलीही खोली दाखवा, ती पेटल्यावर कशी दिसेल हेच त्यांना आधी दिसतं. आमचे पथकप्रमुख साहेबांच्या बहिणीचे यजमान, त्यामुळे अख्ख्या केंद्राचे दाजी. दाजींनी पडदा चिमटीत धरला आणि म्हणाले, "हा भुर्रकन जाईल." पडदे उतरले. खुर्च्यांचा फोम जळला की विषारी धूर होतो, म्हणून खुर्च्या गेल्या. मेणबत्तीकडे त्यांनी नुसतं पाहिलं, तशी ती मीच खिशात घातली. मग भिंतीवर बाहेर पडायच्या वाटेचा मोठा बाण रंगवला. खोलीला दार एकच होतं, तरी रंगवला. शेवटी उरलं काय, तर एक लोखंडी बाक, एक वाळूची बादली आणि मी.

मी रोज तिथे जाऊन बसायचे. कुणी फिरकेल तर शपथ. आमच्यातला सगळ्यात उंच म्हणून ज्याला लांब्या म्हणतात, तो एकदा आला, तोही बादलीत वाळू पुरेशी आहे का बघायला. ताणाचं विचारलं तर म्हणाला, "मला कसला ताण? मी मस्त आहे." मग बराच वेळ वाळूच चाचपत बसला. माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण सल्ला द्यायचा नव्हता.

अशातच मामींचा फोन आला. मामा म्हणजे आमच्या बंबाचे ड्रायव्हर. आगीच्या जागी ते आत जात नाहीत. बाहेर पंप सांभाळतात, आणि जो आत जातो त्याच्या कमरेच्या दोराचं दुसरं टोक धरून उभे राहतात. धुरात ना दिसतं ना ऐकू येतं, म्हणून सगळं बोलणं त्या दोरावर. बाहेरून एक हिसका, म्हणजे ठीक आहेस का. आतून एक हिसका, म्हणजे ठीक आहे.

"ताई, ती ऐकणारी तूच ना?" मामींनी विचारलं.

"हो, मामी."

"मग ऐक. तुझ्या मामांनी मला दोर बांधलाय."

मी गप्प राहिले. प्रशिक्षणात तसंच शिकवलं होतं, आणि नसतं शिकवलं तरी दुसरं काही सुचलं नसतं.

"कमरेला बांधलाय. उठल्या उठल्या बांधतात. मी भाजी चिरत असते, बाहेरच्या खोलीतून हिसका येतो. मी उलटा हिसका नाही दिला तर धावत येतात. परवा मी न्हाणीत होते, डोक्याला साबण, दोन्ही हात केसांत. यांनी दार फोडलं. कुऱ्हाडीनं."

"कधीपासून चाललंय हे?"

"ते गोदाम जळालं ना, तेव्हापासून. आधी मला वाटलं, म्हातारपणी प्रेम उतू चाललंय. पण आता मी हात टेकले. येत्या रविवारी बॅग भरून बहिणीकडे जाणार, आणि परत नाही येणार. मी यांची बायको आहे, बकरी नाही."

मी फोन ठेवला, पण मला हसू येईना. कारण गोदामाची गोष्ट आमच्या केंद्रातला सगळ्यात आवडता विनोद होता.

झालं होतं ते असं. लांब्या दोर बांधून आत गेला. आत एक पहारेकरी अडकलेला, आणि दोर काही तिथवर पुरेना. लांब्याने तो कमरेचा सोडला आणि एका लोखंडी कपाटाला बांधला, परतताना सापडावा म्हणून. पहारेकरी सापडला तो मागच्या दाराजवळ. त्याला खांद्यावर टाकून लांब्या मागूनच बाहेर पडला आणि ॲम्ब्युलन्सपाशी बिस्किटं खात बसला. इकडे पुढच्या दाराशी मामा हिसके देत राहिले. कपाट काय उत्तर देणार? लांब्या सुखरूप आहे हे आम्हा सगळ्यांना कळलं होतं, आणि मामांना ते दुसऱ्या कुणीतरी सांगितलं असेल, असं प्रत्येकानेच गृहीत धरलं. आग विझल्यावर मामा दोर धरून आत गेले, तर टोकाला कपाट. आम्ही पोट धरधरून हसलो. मामाही हसले. तेव्हापासून कुणीही कपाट उघडलं की एकजण हमखास म्हणायचा, "मामा, विचारा बरं त्याला, ठीक आहे का."

मी मामांना गॅरेजमध्ये गाठलं. "मामा, जरा माझ्याकडे बाकावर येऊन बसा. मामींनी फोन केला होता."

मामा टायरकडे बघत म्हणाले, "येतो. पण नियम आहे. दोराशिवाय आत जायचं नाही."

"अहो, ती बोलायची खोली आहे."

"मग तर नाहीच जायचं."

दाजींना हे पुरेपूर पटलं. त्यांनी सगळं पथक हेल्मेट घालून खोलीपुढे उभं केलं. मलाही कोट चढवावा लागला. "आत कोण? ताई आणि मामा. बाहेर दोर कोण धरणार?" त्यांनी विचारलं, आणि सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. दोर धरायचं काम मामांचं. इतक्या वर्षांत मामांच्या कमरेला दोर बांधायची वेळच आली नव्हती.

"मी धरतो," लांब्या म्हणाला.

दार लागलं. मामांच्या कमरेचा दोर दाराखालच्या फटीतून बाहेर गेला. मामा हेल्मेटसकट बाकावर बसले, मी शेजारी. जरा वेळाने दोराला हिसका बसला. लांब्या विचारत होता. मामांनी दोराकडे पाहिलं आणि हात मांडीवरच ठेवला.

पुन्हा हिसका. मग लागोपाठ हिसके. मामा बाकावर पुढेमागे हलत होते, पण उत्तर काही देईनात. मला वाटलं आपणच ओढावा, पण ऐकणाऱ्याने मध्ये पडायचं नसतं. बाहेर आरडाओरडा झाला आणि दाराच्या फळीतून कुऱ्हाडीचं पातं आत आलं. दाराला कडी लावलेली नव्हती, हे कुणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं.

भोकातून लांब्या आत आला, दोराचं टोक मुठीतच. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मामा, उत्तर का देत नव्हता?"

"बघत होतो," मामा म्हणाले, "बाहेर कुणी आहे का."

"मी होतो ना. मला वाटलं, तुम्हाला काहीतरी झालं."

"किती वेळ वाटलं?"

"पाच मिनिटं. पाच तरी."

"मी तासभर धरला होता," मामा म्हणाले. "मी मनात तुझ्या आईला काय सांगायचं तेसुद्धा जुळवलं होतं. मग बाहेर येऊन बघतो, तर तू बिस्किटं खातोयस."

लांब्या मटकन खाली बसला. एवढा मोठा गडी, हुंदके देऊन रडायला लागला. "मला वाटलं, तुम्हाला कुणीतरी सांगितलं असेल."

"सगळ्यांना तेच वाटलं."

दाराच्या भोकातून दाजींचं तोंड दिसत होतं. ते खाली बघत होते. मलाही फार लाज वाटली. मी त्या कपाटाच्या विनोदावर सगळ्यांत मोठ्याने हसले होते.

तेवढ्यात घंटा झाली. कुणाचं तरी डोकं जिन्याच्या कठड्यात अडकलं होतं. सगळे धावले. लांब्या मात्र उठला तो दोराचं टोक घट्ट धरून जागच्या जागी उभा.

"मामा, घंटा झालीय. दोर सोडतोय," तो म्हणाला. "सांगून सोडतोय."

मामा म्हणाले, "सोड."

रविवारी मामींचा फोन आला. "बॅग भरलीत का, मामी?"

"भरली होती, पुन्हा रिकामी केली. यांनी दोर सोडला. सोडताना म्हणाले, सोडतोय. मी म्हटलं, सोडा. मग मी भाजी चिरायला आत आले."

"मग?"

"मग काहीच नाही. हिसका नाही, धावत येणं नाही. मी आपली सुरी हातात घेऊन वाट बघतेय. शेवटी नाहीच राहवलं."

"काय केलंत?"

"काय करणार? मीच आतून ओरडून सांगितलं, ठीक आहे म्हणून."