निळा थेंब

...कॅनमध्ये बुडवलेली लिटमसची पट्टी लाल झाली होती, ती व्हायलाच हवी होती. पण तिच्या टोकाला लोंबणारा थेंब निळा होता. विज्ञानाच्या बाईंनी तो खिडकीच्या उजेडात धरला. निळाच.

या कॅनमध्ये मुलांच्या प्रयोगांतलं उरलेलं आम्ल जमायचं — फक्त आम्ल. त्यात चिमूट चिमूट सोडा घालायचा, फसफस थांबली की पुन्हा पट्टी बुडवायची, मगच मोरीत ओतायचं. बाकीचा घातक कचरा परवानेवाल्यांनीच न्यायचा. धोका कमी म्हणून पर्यावरण कार्यालयाची शाळेला एवढ्यापुरती सूट होती... आईनं पहिल्यांदा हातात सुरी दिली तेव्हा म्हणाली होती, "काकडीच काप हं," आणि पाठ फिरवून उभी राहिली होती — त्या पाठीचा केवढा धाक! सूट म्हणजे तशीच कुणीतरी विश्वासानं फिरवलेली पाठ —

"मीच ओतलं ते," कार्यशाळेचे मास्तर दारातून म्हणाले. "तांब्याच्या मुलाम्याचं पाणी. म्हटलं, बाई एवढा वर्ग गप्प करतात, त्यांना हे काय जड!"

मागून मुख्याध्यापक आले. "भरपूर पाणी घाला, रंग जाईल."

"रंग जाईल, सर. तांबं कुठं जाईल?"

"अहो, राईचा पर्वत करू नका. कळवलंत तर सूट जाईल, वर्षभर प्रयोग बंद. मुलांचा तरी विचार करा!"

मुलांचाच... ती पहिल्या बाकावरची भित्री मुलगी, कालच तिनं पहिल्यांदा आपल्या हातानं परीक्षानळी धरली, फसफस पाहून आधी दचकली नि मग खुदकन हसली — तिला आता काय सांगायचं? फळ्यावर खडूनं काढलेली नळी धर म्हणून? आणि पाणी घालून रंग घालवला, तर उद्या तिच्यासमोर कोणत्या तोंडानं म्हणायचं, जे दिसतं तेच लिही, बाळ?

बाईंनी कॅनचं झाकण घट्ट फिरवलं, वर चिठ्ठी डकवली — 'तांबं मिसळलं आहे. ओतू नये.'

"निदान सोमवारपर्यंत थांबा," मुख्याध्यापक म्हणाले. आवाजात आता हुकूम नव्हता, विनवणी होती. त्या विनवणीनं मात्र बाई हलल्या.

पण फोन त्यांनी उचललाच. पर्यावरण कार्यालयाचा नंबर फिरवला. पलीकडे घंटी वाजत राहिली... भीती होतीच. फक्त ती आता उशिरा आलेल्या मुलासारखी वाटत होती — रागवायचं नाही, हाकलायचं नाही. बस म्हणायचं, आणि पाठ पुढं चालू ठेवायचा.