नाकमास्तरांच्या पेटीतला ब्रश

मित्रांनो, मी एक जुना दाढीचा ब्रश आहे. पण कोणाच्या गालाला लागून मला कित्येक वर्षं झाली. मी गॅसच्या पाइपांना साबण लावतो. हसू आलं ना? येऊ द्या. माझ्या मालकांनाही येत असे, आणि पुढचं सगळं त्या हसण्यापायीच झालं.

एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. दाट पांढरे केस आणि गुळगुळीत लाकडी मूठ घेऊन मी दुकानाच्या काचेत ऐटीत उभा असायचो. एका नव्या नवरीनं मला नवऱ्यासाठी विकत घेतलं. नवरा गॅस फिटर होता. घरांत, हॉटेलांत, दवाखान्यांत गॅसची लाईन टाकायची आणि गळती दुरुस्त करायची हे त्यांचं काम. रोज सकाळी मी कोमट पाण्यात डुबकी मारून त्यांच्या गालांवर फेस करायचो. फार सुखाचे दिवस होते ते. मग एक दिवस त्यांनी दाढी वाढवायचं ठरवलं आणि माझी नोकरी गेली.

बाई काटकसरी होत्या. "अहो, टाकू नका त्याला. तुमच्या साबणाच्या पाण्याला होईल," त्या म्हणाल्या. अशी माझी बदली पत्र्याच्या पेटीत, पान्यांच्या शेजारी झाली.

मित्रांनो, गॅसची लाईन जोडली की प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावून पाहतात. सांधा घट्ट असेल तर फेस गुपचूप बसून राहतो. गॅस गळत असेल तर तिथे बुडबुडा फुगतो. काम एवढंसंच, पण त्यावर घरातल्या सगळ्यांचा जीव असतो.

माझ्या मालकांना मात्र या कामाची गरज वाटत नसे. त्यांचं नाकच तसं होतं! उंबऱ्यावर उभं राहून ते सांगायचे, "आतल्या शेगडीची नळी बदला." आणि तीच निघायची. लोक त्यांना नाकमास्तर म्हणू लागले. कौतुक ऐकून ते फुलायचे आणि मी पेटीत वाळत पडायचो.

त्यांची लेक मोठी झाली आणि त्यांच्याबरोबर कामावर येऊ लागली. पाइपाला आटे पाडावेत तर तिनंच. प्रत्येक काम संपलं की ती मला बाहेर काढायची. "बाबा, साबण लावू?"

"लाईनची काय दाढी करायची आहे? नाक आहे ना माझं!" मास्तर म्हणायचे. घरमालक खो खो हसायचे, लेकही हसायची आणि मला परत पेटीत ठेवायची. मला राग यायचा, पण माझ्या रागाला विचारतो कोण?

एका वर्षी मास्तरांना ताप आला. चांगलाच मुरला. त्यातून ते उठले, पुन्हा कामाला लागले. एकदा पेटीत रॉकेलची बाटली कलंडली आणि मी त्यात भिजून चिंब झालो. मास्तर पेटी उघडून तिच्याशेजारीच बसले आणि शांतपणे चहा पीत राहिले. रॉकेल हाताला लागलं तेव्हा ते दचकले. त्यांनी हात नाकाशी नेला. पुन्हा नेला. मग इकडेतिकडे पाहिलं आणि भराभर पेटी पुसून काढली. ते नाक गेलं होतं, मित्रांनो, आणि हे फक्त त्यांना आणि मला ठाऊक होतं.

त्यांनी ते घरात सांगितलं नाही. नाकमास्तरांनी नाक गेलं म्हणून सांगायचं कसं? ते पूर्वीसारखेच डोळे मिटून, मान वर करून हुंगायचे आणि "चोख!" म्हणायचे. लोक खूश व्हायचे. माझ्या अंगावर काटा यायचा.

अशातच एका बेकरीत नव्या भट्टीची लाईन टाकायची होती. बापलेकींनी मिळून ती टाकली. मागच्या कोठीतला, पिठाच्या पोत्यांआडचा शेवटचा सांधा मास्तरांनी स्वतः आवळला. कोठीतले बाकीचे सांधे लेकीनं आवळले होते; तेव्हा ती बाहेर पाइपाचे तुकडे गोळा करत होती. आत येऊन तिनं नेहमीचा प्रश्न विचारला आणि तिला नेहमीचं उत्तर मिळालं. मास्तरांनी हुंगलं. "चोख!"

दुसऱ्या दिवशी दुपारी बेकरीवाल्याचा निरोप आला. त्याची म्हातारी आई त्या कोठीत आडवी व्हायची. ती घेरी येऊन पडली होती. बेकरीवाल्याला वास आला, त्यानं व्हॉल्व्ह बंद केला, दारं उघडली आणि आईला उचलून बाहेर आणलं. भट्टी पेटवायला थोडाच अवकाश होता. पेटवली असती तर काय झालं असतं, ते मी बोलून दाखवत नाही.

आम्ही पोचलो तेव्हा म्हातारी ओट्यावर बसली होती. चेहरा पांढराफटक. बेकरीवाला संतापला होता, पण नाकमास्तरांना बोलायला त्याची जीभ वळेना. त्यानं लेकीकडे बोट केलं. "मास्तर, तुमच्या हातून असं व्हायचं नाही. हिनं सांधा ढिला ठेवला असणार. पोरीबाळींना कशाला आणता असल्या कामाला?"

लेकीनं बापाकडे पाहिलं. मास्तर पेटीत वाकून पाना शोधत राहिले. पाना समोरच होता.

"माझ्याकडूनच राहिलं असेल," लेक हळूच म्हणाली. "माफ करा, आजी."

आणि मास्तर गप्प बसले. मग कोठीत जाऊन त्यांनी एकट्यानंच पोत्यांआडचा तो आपला सांधा आवळला; ढिला तोच होता.

त्या दिवसापासून त्यांना अन्न गोड लागेना. लेक आता बरोबर येत नव्हती. ते एकट्यानं कामाला जायचे, घरमालकांना काहीतरी सांगून बाहेर पाठवायचे आणि चोरासारखा मला काढून सांध्यांना फेस लावायचे. कोणी यायच्या आत पुसूनही टाकायचे. ज्या कामासाठी मी वर्षानुवर्षं झुरलो ते मला मिळालं, पण कसं! घाईघाईत फेस माझ्या केसांतून जमिनीवर गळायचा. पोरीसाठी त्यांनी नवाकोरा पाना आणला. तिनं त्याचा कागदसुद्धा सोडला नाही.

"नको, बाबा. माझा माझ्या हातांवर भरवसा राहिला नाही," ती म्हणाली. चपलांच्या दुकानात तिला काम मिळालं होतं. बाई पदराआड डोळे पुसत होत्या. मास्तर माझ्या पेटीवर बसून होते.

दुकानात जायची सकाळ उजाडली. लेक दारात निघण्याच्या तयारीत होती. मास्तरांनी फडक्यावर रॉकेल ओतलं आणि ते फडकं आपल्या नाकावर दाबून धरलं.

"बाबा! काय करताय?"

"तुला याचा वास येतो का गं?"

"म्हणजे काय! डोकं उठलं माझं."

"मला येत नाही. तापापासून कसलाच येत नाही." त्यांनी फडकं खाली ठेवलं. "बेकरीतला तो सांधा मी आवळला होता, बाळ. तू त्याला हातसुद्धा लावला नव्हतास."

लेक दारातून परत आत आली. रडली नाही की ओरडलीही नाही.

"तुम्हाला हे तिथेच माहीत होतं?"

"होतं."

"आणि मी माफी मागत होते तेव्हा पाना शोधत होतात."

मास्तरांनी मान खाली घातली. आतून बाई आल्या, पण त्याही मध्ये पडल्या नाहीत. लेकीनं पेटी उघडली आणि मला हातात घेतलं. "तापानंतर जिथे जिथे नुसतं हुंगून आलात, त्या सगळ्या घरी जायचं. साबण मी लावीन. पण दारात तोंडानं सांगायचं तुम्ही."

मास्तरांना घरं स्वयंपाकघरांवरून आठवत. खिडकीखालची शेगडी, जिन्याखालची शेगडी. एकेका दारात उभं राहून ते म्हणायचे, "मला वास येत नाही. मी तपासल्यासारखं केलं होतं. पुन्हा बघू द्या." कोणी समजून घेतलं, कोणी नको नको ते बोललं. एका शिंपिणीच्या घरी फळीमागच्या सांध्यावर माझ्या फेसातून बुडबुडा फुगला. वाटाण्याएवढा होता. शेजारी पाळण्यात तिचं बाळ झोपलेलं होतं. लेकीनं सांधा आवळला आणि मास्तरांनी तिथे पुन्हा फेस लावायला सांगितलं.

बेकरी त्यांनी शेवटी ठेवली होती. गिऱ्हाइकांदेखत ते म्हणाले, "तो सांधा माझा होता. माझी पोर माझ्यासाठी बोलणी खात होती आणि मी खाऊ दिली."

बेकरीवाल्यानं मान फिरवून गिऱ्हाइकांचे पाव बांधायला घेतले. म्हातारीनं मात्र एक स्टूल पुढे ओढलं. "बस, पोरी. तुला फार बोललो गं आम्ही," ती म्हणाली.

मास्तरांना कोणी बस म्हटलं नाही. ते मला हातात धरून उभे राहिले. लेकीचा चहा पिऊन होईपर्यंत उभेच होते.

आता माझे केस विरळ झालेत, मुठीला चीर गेली आहे. मास्तर मगात फेस करतात, तो मग हातात धरून उभे राहतात आणि लेक एकेका सांध्यावर मला फिरवते. ती त्यांच्याशी बोलते, पण कामापुरतं. तो नवा पाना मात्र तिनं कागदातून काढला आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी गॅसचं काम झालं की फिटरकाकांना साबण लावून दाखवायला सांगा. ते हसले तर हसू द्या. आणि एखादी गोष्ट तुम्हाला जमेनाशी झाली तर त्याच दिवशी सांगून टाका. लाज वाटेल. माझ्या मास्तरांना अजूनही वाटते. दर नव्या दारात, पेटी खाली ठेवायच्या आधी, ते सांगतात, "मला वास येत नाही. काम माझी लेक तपासेल." आणि तेवढं बोलताना ते तिच्याकडे बघतात.