उतारावर गप्प होणारी व्हॅन

मित्रांनो, मी एक जुनी व्हॅन आहे आणि आधीच सांगून ठेवते, माझी गोष्ट मध्येच तुटेल. दोष माझा नाही. आम्ही रोज सकाळी गलहा गावाहून चहाच्या मळ्यांतून खाली कँडीला जातो. उतार लागला की माझा चालक विमलसिरी किल्ली फिरवतो आणि इंजिन बंद करतो. डिझेल वाचतं म्हणे. इंजिन बंद झालं की मला ऐकू सगळं येतं, बोलता मात्र येत नाही. तेव्हा सपाटी येईपर्यंत धीर धरा. मी धरतेच आहे.

माझा जन्म जपानमधला. तिथे एक फुलवाला माझ्यातून फुलं न्यायचा. मग बोटीतून मी श्रीलंकेला आले. विमलसिरीने मला घेतलं तेव्हा त्याच्या बायकोने माझ्या काचेला माळ घातली, भिक्खूंनी माझ्यावर पाणी शिंपडलं. मी ऑफिसला जाणाऱ्यांची व्हॅन झाले. रोज तीच माणसं, त्याच जागा. दर महिन्याला भाडं दिलं की जागा ज्याची त्याची. कुणी आपल्या जागेवर उशीसुद्धा बांधली. "साऱ्या गलह्यात अशी गाडी नाही," असं लोक म्हणायचे. खरंच, काय दिवस होते ते. विमलसिरी मला दर रविवारी ओढ्यावर नेऊन

…

हं. सपाटी आली, इंजिन सुरू झालं. अंघोळ घालायचा, एवढंच म्हणायचं होतं.

मग डिझेल महागलं. आधी थोडं, मग इतकं की पंपावरचा आकडा फिरू लागला की विमलसिरी मान वळवायचा. आता बदलायला हवं असं सगळ्यांनाच वाटलं, आणि बदल सुरू झाले. कुणात? माझ्यात. एसी बंद. रेडिओवरचं सकाळचं स्तोत्र बंद. वजन कमी व्हावं म्हणून टपावरचा कॅरिअर काढला. मग जादा चाकही काढून घरी ठेवलं. मला विचारलं असतं तर मी आधी एकनायके साहेबांना उतरवलं असतं.

एकनायके साहेब बँकेत अधिकारी आहेत. मधल्या रांगेत तिघांच्या बाकावर ते एकटे बसत. शेजारचे दिसानायके कधीच निवृत्त झाले, पण ती जागा दिसानायकेंचीच राहिली आणि साहेब तिच्यावर पसरले. मागच्या बाकावर श्रीयानी टीचर आणि शेजारी त्यांचा वह्यांचा गठ्ठा. पुढे विमलसिरीशेजारी दोन कारकून, ते झोपतात. आणि दाराजवळ, घडीच्या खुर्चीवर, इनोका. ती कँडीला शाळेचे गणवेश शिवणाऱ्या दुकानात मशीनवर बसायची.

"लोकांनी आता राहणी बदलायला हवी," साहेब रोज म्हणत. "आम्ही लहानपणी शाळेत चालत जायचो."

"मग उद्यापासून चाला ना सर," इनोका म्हणाली. "कँडीची वाट तर उताराचीच आहे."

"माझा गुडघा दुखतो, बाळ."

"आम्ही बदललो की," टीचर म्हणाल्या. "दुधाची पावडर आणणं सोडलं. गॅस गेला, चूल आली. गुळाचा खडा तोंडात धरून कोरा चहा पितो. आणखी काय बदलायचं?"

"टीचर, त्या वह्या मांडीवर घेतल्यात तर एक जागा होते," इनोका म्हणाली.

टीचर खिडकीबाहेर बघू लागल्या.

इनोका हे उगीच बोलत नव्हती. खालच्या वळणावर तीन बायका रोज बसची वाट बघत उभ्या असायच्या. बस यायची ती दाराला माणसं लोंबकळत, आणि न थांबता निघून जायची. त्या तिघींना माझ्यात घेतलं तर कुणाचंच भाडं वाढणार नव्हतं. नाहीतर वाढणार होतं, आणि वाढलेलं भाडं इनोकाला झेपलं नसतं. बसच्या भरवशावर राहिल्यामुळे एकदा तिला उशीर झाला होता. तेव्हाच मालकाने बजावलं होतं, पुन्हा असं झालं तर मशीनवर दुसरी मुलगी बसेल.

"घेऊ या ना त्यांना," ती म्हणाली.

"ही व्हॅन आहे, बस नव्हे," साहेब म्हणाले. "उद्या म्हणशील कोंबड्याही घ्या."

"कोंबड्या भाषण तरी करत नाहीत, सर. विमलदादा, तुम्ही सांगा."

विमलसिरी आरशात बघून नुसता हसला. कुणालाही नाही म्हणणं त्याच्या जिवावर येतं. भाडं वाढवलं तर इनोका उतरणार. जागा भरल्या तर साहेब आणि टीचर रुसणार. म्हणून तो किल्ली फिरवायला लागला. अरे बाबा, इंजिन बंद केलंस की माझा ब्रेक दगडासारखा घट्ट होतो, तुझा पाय तेवढाच राहतो, आणि वळणावर समोरून काही आलं तर

मित्रांनो, बरेच दिवस मी गप्प होते. गॅरेजमध्ये होते.

वळणावर समोरून चहाच्या पोत्यांचा ट्रॅक्टर आला. विमलसिरी दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा राहिला. मी रस्त्याकडेच्या भिंतीला घासत गेले आणि गटाराच्या कडेवर थांबले. एका चाकाचा टायर फाटला. माणसं सगळी धड होती. साहेबांचा चष्मा तेवढा फुटला.

"जादा चाक काढ," साहेब म्हणाले.

"घरी आहे."

"घरी काय करतंय ते?"

"डिझेल वाचवतंय, सर."

"आणि इंजिन का बंद केलं होतंस?" टीचरांनी विचारलं.

विमलसिरीने साहेब, टीचर आणि इनोका, तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. "तुमच्यापैकी कुणी उतरू नये म्हणून," तो म्हणाला.

इनोका खाली कँडीच्या दिशेने चालायला लागली. तिने दोन बसना हात केला. दोन्ही थांबल्या नाहीत. ती वळणाआड गेली तेव्हा दुकान उघडायची वेळ झालेली होती.

दुसऱ्या दिवशी विमलसिरी त्या मालकाकडे गेला. चूक माझी, तिची नाही, असं त्याने सांगितलं. मालक म्हणाला, नवी मुलगीही बरी शिवते.

आता माझ्यात वळणावरच्या त्या तिघी बसतात. टीचरांच्या वह्या मांडीवर आल्या. साहेब खिडकीला चिकटून बसतात आणि गुडघ्याबद्दल बोलत नाहीत. भाडं वाढलं नाही. इंजिन सगळ्या उतारावर चालू असतं. हे सगळं जमायला एक सकाळ पुरली. साहेब त्या नव्या बायकांना सांगतात, "मी केव्हापासून म्हणतोय, लोकांनी बदलायला हवं." त्या माना डोलावतात. मी खड्डा बघून मुद्दाम आदळते.

इनोका आता घरी बसून शेजारच्या मुलांचे फाटके गणवेश हाताने शिवते. तिला माझी गरज उरलेली नाही.

तेव्हा मित्रांनो, इंधन महागल्यावर राहणी बदलावी का, असा वाद माझ्यात बसून घालू नका. मी तो पुष्कळ ऐकला आहे. माझं चाक माझ्यापाशी राहू द्या आणि किल्लीला हात लावू नका. आणि दाराशी कुणी उभं असेल तर त्याने विचारायच्या आत जरा सरका. मला त्याचं ओझं होत नाही.