हार्मेनच्या हाताखालचा दांडा

मी कालव्याच्या लॉकचा दांडा बोलतोय. लॉक म्हणजे दोन दारांमधला हौद; त्यातलं पाणी चढवून-उतरवून बोटी वरखाली करतात. वरच्या दाराला आडवा जोडलेला, ओकच्या लाकडाचा, काठावर चांगला आठ हात बाहेर आलेला. मला पाठ लावून रेटलं की दार हलतं. इथल्या फ्रीसलँड प्रांतातली बाकीची बरीच दारं बटणावर चालू लागली. माझ्या नशिबी अजून माणसांच्या पाठी आहेत.

सुताराने मला तासलं तेव्हा दुखलं असेल, पण आठवत नाही. लाकूड लवकर बधिर होतं, हे एक बरं आहे.

रविवारी लोक बोटी बघायला येतात. थर्मासमध्ये कॉफी, लोणी लावलेला पाव, घडीच्या खुर्च्या. बोट आत येते, दार लागतं, पाणी उतरतं आणि बोट हळूहळू काठाखाली जाते. एवढंच तर असतं, तरी माणसं तास तास बघतात. माझ्यावर कुणीही बसावं, पण बसेल त्याने दार ढकलायचं, हा इथला रिवाज.

हार्मेन आणि त्याची बायको आफ्के दर रविवारी बसायची. हार्मेनने चाळीस वर्षं याच लॉकमधून वाळूची बोट नेली. निवृत्त झाल्यावर तो बघायला यायचा, पण बघायचा कमी आणि ओरडायचा जास्त. बोट खाली जाताना तिचा दोर काठावरच्या खुंटाला पक्का बांधायचा नसतो, हातात धरून सैल सोडत राहायचं असतं. भाड्याच्या बोटी घेतलेले शहरी लोक नेमका तो बांधून टाकतात.

"अरे, दोर सोड! बोट वाळत घालायचीय का?" हार्मेन गरजायचा.

"अहो, तोंडातला पाव तरी गिळा आधी," आफ्के म्हणायची.

हिवाळ्यात आफ्के गेली. त्या दिवसापासून हार्मेन एक शब्द बोललेला नाही. मुलगी हिल्के त्याला आणून माझ्यावर बसवते.

"काय हार्मेनदादा, दांडा सासऱ्याने आंदण दिलाय का? उठा, बोट आलीय!" लॉकवाला सीत्से चिडवतो. हार्मेन उठतो, पाठ लावतो, पुन्हा बसतो. लाकडावर लाकूड ठेवावं तसा त्याचा भार लागतो मला.

"सीत्सेकाका, ऑगस्ट संपेपर्यंत वाट बघते," हिल्के एकदा म्हणाली. "एक शब्द बोलले तरी घरी ठेवीन. नाहीतर वृद्धाश्रमात न्यावं लागेल. आत कुणी उरलंय की नाही, तेच कळत नाही हो."

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी भाड्याची एक बोट आली. टोपीवाल्याने दोर खुंटाला दोन गाठी मारून बांधला आणि निवांत आइस्क्रीम खात बसला. खालच्या दाराशी उभ्या सीत्सेने पाणी सोडायच्या झडपा उघडल्या. गाठी त्याला दिसल्या होत्या. एरवी त्याने तिथेच शिव्या घातल्या असत्या. आज तो हार्मेनकडे बघत गप्प राहिला.

पाणी उतरलं. दोर ताणला, करकरला. बोट एका अंगाला कलली, कपबशा फुटल्या, टोपीवाल्याची बायको किंचाळली. हिल्के बापाच्या तोंडाकडे बघत होती. तोंड उघडलं नाही.

शेवटी सीत्सेनेच झडपा बंद केल्या आणि पावाच्या सुरीने दोर कापला. बोट धपकन पाण्यावर आली.

"चला बाबा," हिल्के म्हणाली. तिला रडूही आलं नाही.

पण कोटाखाली हार्मेनचा उजवा हात माझ्यावर होता. दोर ताणला तेव्हा तो हात आवळला, मग जरा सुटला, पुन्हा आवळला, पुन्हा सुटला. चाळीस वर्षं सोडला तसाच तो दोर सोडत होता. हे फक्त मला कळलं.

वसंतात मला काढून इथे मोटार बसवणार आहेत. त्याचं मला फारसं काही वाटत नाही. त्या हाताचं मात्र वाटतं. आश्रमाच्या खुर्चीच्या दांड्यावर तो पुन्हा हलला, तर कुणाला काय कळणार?

तुम्ही कधी इकडे आलात तर हिल्केला गाठा. म्हणावं, बाबांचा हात हातात धरून बघ. त्यांनी दोर सोडला होता.